वाचक विचारतात : कोजागिरीचं दूध, हळदीचं पेव आणि चिठ्ठीवरचा खुनी

गणपती उठले की सांगलीत संध्याकाळी मोकळ्या राहत नाहीत. नवरात्र, मग कोजागिरी, मग दिवाळी अंक, आणि ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन, म्हणजे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं त्याची आठवण. एवढ्या दिवसांत कुठं ना कुठं कुणीतरी काहीतरी वाचून दाखवत असतंच. यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त रहस्यकथेबद्दलची होती, म्हणून सगळं सदर त्यालाच दिलंय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून लिहिलंय, तर सगळ्यांचंच फक्त गाव देते.

प्रश्न : आमच्या सोसायटीत कोजागिरीला दरवर्षी कविता आणि गाणी होतात. या वर्षी मी स्वतः लिहिलेली रहस्यकथा वाचायचं म्हणतेय. पण घरचे म्हणतात रहस्यकथा ही रात्री एकट्यानं वाचायची गोष्ट, चाळीस माणसांत, पोरांच्या दंग्यात ती चालणार नाही. काय करू? (मिरज)

ताई, वाचाच. घरच्यांना सांगा की रहस्यकथेची खरी परीक्षा चारचौघांतच होते, कारण एकटा वाचणारा कंटाळला तर पुस्तक मिटून झोपतो आणि लेखकाला ते कधीच कळत नाही, पण गच्चीवर बसलेला माणूस कंटाळला तर तो दुधाच्या पातेल्याकडे बघायला लागतो आणि ते तुम्हाला तिथल्या तिथं दिसतं.

पण वाचायची कथा आणि छापायची कथा यात फरक असतो. पहिली गोष्ट लांबीची. मोठ्यानं, न धावता वाचलं की मिनिटाला साधारण १२० शब्द होतात, म्हणजे वीस मिनिटांना २४०० शब्द, त्याच्यावर जाऊ नका. दुसरी गोष्ट नावांची. कागदावर सुहास, सुनील आणि सुरेश चालून जातात कारण डोळा ओळखतो, पण कानाला ते तिघं एकच माणूस वाटतात आणि पाचव्या मिनिटाला लोक एकमेकांना विचारायला लागतात की मेला तो कोण. म्हणून एक भास्कर, एक इनामदार, एक ताराकाकू, अशी अगदी वेगळ्या आवाजाची नावं घ्या, आणि शक्यतो पाचच माणसं ठेवा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ऐकणाऱ्याला पान उलटून मागं जाता येत नाही. त्यामुळं महत्त्वाचा धागा, म्हणजे खुन्याकडे नेणारा तपशील, एकदाच दिलात तर तो गेला, नेमका तेव्हा कुणीतरी केशर किती घालायचं ते विचारत असतं. धागा दोनदा यायला हवा, पण सारखा नाही. एकदा वस्तू म्हणून दिसू दे, दुसऱ्यांदा कुणाच्या तरी बोलण्यात येऊ दे. आधी दारामागं ओली छत्री दिसते, मग बऱ्याच वेळानं शेजारीण म्हणते की आज दिवसभर कडक ऊन होतं. बस, एवढंच. त्यावर तुम्ही एक शब्द बोलायचा नाही.

आणि आमच्या ग्रुपमधे आम्ही जे करतो ते करून बघा. शेवटची दोन पानं राहिली की वाचणारा थांबतो, सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या जातात, प्रत्येकानं खुनी कोण आणि का ते लिहायचं, मग दूध प्यायचं, मग चिठ्ठ्या गोळा करून शेवट वाचायचा. 'का' लिहिणं सक्तीचं ठेवा, नाहीतर लोक नुसता अंदाज ठोकतात. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा जवळपास सगळ्या चिठ्ठ्यांवर बरोबर नाव होतं आणि मला दोन दिवस कळेना की चुकलं कुठं. मग चिठ्ठ्या परत काढून 'का' वाचलं. बहुतेकांनी एकच लिहिलं होतं, की बाकी कुणाच्या पायात काय आहे ते सांगितलं नाही, याच्याच चपलांचं वर्णन केलंय. चपलांमधे धागा होता हे खरं, पण तो लपवायचा तर बाकीच्या चौघांच्याही पायांकडे मी बघायला हवं होतं. तेव्हापासून मी एक कामाचा तपशील लिहिला की त्याच्या शेजारी तीन बिनकामाचे, पण खरे वाटणारे तपशील लिहिते. चिठ्ठ्यांवर कुणाचंच नाव बरोबर आलं नाही तरी खूश होऊ नका बरं का, त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की आपण काहीतरी दिलंच नाही. तिघाचौघांना सापडावं आणि बाकीच्यांनी शेवट ऐकून कपाळाला हात लावावा, तेवढं जमलं की कथा जमली.

प्रश्न : मी हरिपूरचा. दोन रहस्यकथा लिहिल्या, दोन्ही मुंबईत घडतात, कारण गावात कसलं आलंय रहस्य, सकाळी कुणाच्या घरी भांडण झालं ते दुपारी सगळ्या गावाला माहीत. पण मुंबईत मी एकदा आठ दिवस राहिलोय तेवढंच आणि वाचणारे म्हणतात कथा खोटी वाटते. (हरिपूर)

दादा, तुमच्या पत्राखालचं गावाचं नाव वाचून मी आधी जरा वेळ गप्पच बसले. हरिपूरचा माणूस रहस्य शोधायला मुंबईला जातो? तुमच्याकडे पेवं आहेत ओ!

बाकीच्या वाचकांसाठी सांगते. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार. वर तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट मोठं. माल भरून तोंड बंद केलं की आतला प्राणवायू हळूहळू संपत जातो, त्यामुळं कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं निकामी झाली आणि आता बहुतेक माल गोदामात नाहीतर कोल्ड स्टोरेजमधे जातो, पण ज्यांनी त्यात काम केलंय ती माणसं अजून आहेत, जाऊन बोला त्यांच्याशी. ते पहिलीच गोष्ट सांगतील की पेव उघडल्या उघडल्या उतरायचं नसतं. तोंड उघडून तासन् तास तसंच ठेवायचं, मग कंदील दोरीनं खाली सोडून बघायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं. हवा कमी पडली की ज्योत माणसाच्या आधी जाते, म्हणून तो कंदील.

आता बघा कथा कशी आपोआप उभी राहते. व्यापाऱ्याचा पुतण्या बाहेरगावी शिकलेला, हिशोब तपासायला येतो, पेवात उतरतो आणि मरतो. मुकादम सांगतो, साहेब, आम्ही कंदील सोडून बघितला होता, चांगला जळत होता, तो खाली गेल्यावरही जळतच होता, रॉकेल संपल्यावर विझला असेल. सगळे हळहळतात, अपघात म्हणून नोंद होते. पंचनाम्यात पेवातल्या वस्तूंची यादी असते त्यात एक ओळ, कंदील एक, रॉकेलनं भरलेला. वाचक ही ओळ वाचून पुढं जातो, त्याला वाटतं बघा, बिचाऱ्यांनी किती काळजी घेतली होती, कंदीलसुद्धा भरून घेतलेला. पण रॉकेल भरलेलं असेल तर तो संपून विझला नाही, हवेअभावी विझला, आणि हवाच नव्हती तर आधी सोडून बघितला तेव्हा तो 'चांगला जळत' कसा होता? मुकादम खोटं बोलला. सगळा पुरावा वाचकाच्या डोळ्यांसमोर, एकाच ओळीत, आणि कथेत कुठं पिस्तूल नाही की पाठलाग नाही.

तुम्ही म्हणता गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं. बरोबर, आणि तिथंच तुमचं रहस्य आहे, कारण जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणी बोलून दाखवत नाही. पेवात लगेच उतरायचं नसतं हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक, बाहेरून आलेल्याला नाही. मग त्याला कुणीच कसं सांगितलं नाही? मुकादमानं नाही सांगितलं हे कळलं, पण तिथं अजून चार माणसं उभी होती ना. माझ्या मते खुनी कोण यापेक्षा हा प्रश्न जास्त अंगावर येतो आणि तो मुंबईच्या फ्लॅटमधे येणार नाही.

पुराचंही तसंच. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ मधे ते ५७ च्याही वर गेलं होतं. किती फुटाला कुठली गल्ली पाण्याखाली जाते ते सांगलीत घराघरांत पाठ असतं. त्या रात्री मी अमुक रस्त्यानं घरी गेलो असं कुणी म्हणालं आणि पाण्याची त्या वेळची पातळी दुसऱ्याच कुठल्यातरी पानावर सहज आली असेल, तर त्याची साक्ष खोटी पाडायला डिटेक्टिव्हची गरजच काय.

अगाथा ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषध विभागात काम करत होत्या, विषं त्यांनी तिथं हाताळली, म्हणून त्यांच्या कथांतली विषं खरी वाटतात. त्यांच्याकडे औषधाचं कपाट होतं, तुमच्याकडे पेव आहे.

प्रश्न : कथेत पोलीस आले की माझी गाडी अडते. काय बरोबर काय चूक कळत नाही, मग सिनेमात बघितलेलं लिहितो. (कऱ्हाड)

सिनेमातलं नका लिहू, वाचकांत वकील असतात, पोलिसांच्या घरचे असतात, एका चुकीवर त्यांचा विश्वास उडतो. थोडक्यात तीन गोष्टी सांगते.

कथा कधी घडते ते आधी ठरवा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ होतं ते आता भारतीय न्याय संहितेत १०३ झालंय. कथा २०१५ ची असेल तर ३०२ च पाहिजे, आणि आजची असेल आणि तुमचा फौजदार '३०२ लावीन' म्हणाला तर जुन्या सवयीनं म्हणाला असं तरी दाखवा. संशय नसेल तर आधी खून लिहीत नाहीत, अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि तिथून चौकशी पुढं जाते. कथेच्या दृष्टीनं हा मधला काळ फार चांगला असतो, कारण पोलीस कागदावर शांत असतात आणि एखाद्यालाच खटकलेलं असतं.

दुसरी गोष्ट कबुलीची, आणि यावर मी जरा जोर देऊन बोलणार आहे. आपल्याकडच्या कितीतरी कथांत शेवटच्या पानावर खुनी इन्स्पेक्टरपुढं घडाघडा सगळं सांगून टाकतो आणि संपलं. पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३ आहे. कोठडीतला आरोपी काही बोलला आणि त्यामुळं एखादी गोष्ट सापडली, तर त्या सापडण्याशी थेट संबंध असलेला भागच तेवढा चालतो. म्हणजे तुमच्या खुन्यानं नुसतं रडून उपयोग नाही, त्याच्या सांगण्यावरून विहिरीतून किल्ली निघाली पाहिजे. लेखक म्हणून मला हे बंधन आवडतं, कारण भाषण संपून माणसं विहिरीकडे चालायला लागतात आणि कथेला शेवटी एक प्रसंग मिळतो.

तिसरी गोष्ट पंच. पंचनाम्याला पोलीस आसपासच्या साध्या माणसांना बोलावतात, बहुतेकदा दोघांना. आपल्याकडे हौशी डिटेक्टिव्ह खुनाच्या खोलीत शिरलाच कसा हा प्रश्न नेहमी पडतो ना, तर पंच म्हणून शिरवा की. समोरचा चहावाला, झेरॉक्सवाला, निवृत्त शिक्षिका, कुणीही. त्यानं वस्तू बघितल्यात, यादी ऐकलीय, सही केलीय, आणि रात्री घरी गेल्यावर त्याला आठवतं की यादीत एक गोष्ट नव्हती. मला ही माणसं पट्टीच्या गुप्तहेरापेक्षा कितीतरी जवळची वाटतात.

प्रश्न : मी साताऱ्यात कॉलेजला आहे. परदेशात रहस्यकथावाल्यांचे वेगळे मेळावे भरतात म्हणे, तिथं काय होतं आणि आपल्याकडे का नाही? (सातारा)

तुला 'तू' म्हटलं तर चालेल ना? हो, भरतात. अमेरिकेतला मोठा मेळावा म्हणजे बाउचरकॉन, १९७० साली सांता मोनिकात पहिला झाला, अँथनी बाउचर नावाच्या लेखक-समीक्षकाच्या स्मरणार्थ. दरवर्षी शहर बदलतं, बहुतेक वेळा उन्हाळा सरताना नाहीतर शरदात भरतो. मला त्यातलं आवडतं ते हे की तो लेखकांइतकाच वाचकांचा आहे, तिथले अँथनी पुरस्कारसुद्धा जमलेल्या लोकांच्या मतांवर ठरतात. लंडनला त्याच्या खूप आधी, १९३० मधे, रहस्यकथा लिहिणाऱ्यांचा डिटेक्शन क्लब सुरू झाला. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष, पुढं ख्रिस्तीबाईही अध्यक्ष झाल्या. एकत्र जेवायचं, एकमेकांच्या अडलेल्या कथा सोडवायच्या, आणि नवा सदस्य आला की त्यानं कवटीवर हात ठेवून शपथ घ्यायची की माझा डिटेक्टिव्ह दैवी साक्षात्कारानं किंवा योगायोगानं गुन्हा सोडवणार नाही आणि वाचकापासून महत्त्वाचा धागा मी लपवणार नाही. कवटी वगैरे गंमतीची असेल, पण शपथ त्यांनी मनापासून पाळली असं त्यांच्या कथा वाचून वाटतं.

आपल्याकडे का नाही, याला माझं उत्तर असं की आपण वाट बघत बसलोय. साताऱ्यात जानेवारी २०२६ मधे ९९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, एवढा मोठा मांडव ज्या गावात पडतो तिथं दहा माणसांची बैठक जमवायला कुणाची परवानगी लागत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या भाषेतल्या वाचकाला रहस्यकथा आवडते हे काही पटवून द्यायला नको. भिलारला जा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलीयेत, पाचगणीच्या पुढं लगेच. ऑक्टोबरात पाऊस गेलेला असतो, शेतात स्ट्रॉबेरीची रोपं नुकती लागलेली असतात, गर्दी मेच्या मानानं कमी. दोन दिवस, दहा जण, प्रत्येकानं एक अर्धी राहिलेली कथा आणायची, पूर्ण झालेली नाही, अर्धी. ती वाचायची आणि बाकीच्या नऊ जणांनी सांगायचं की त्यांना आत्तापर्यंत कुणावर संशय आलाय. एका रात्रीत जेवढं शिकशील तेवढं लेखनावरच्या चार पुस्तकांत नाही मिळणार. आणि जमलं तर मला कळव, मी येईन.

प्रश्न : संशयित किती ठेवावेत? आणि वाचकाला चकवा देणं आणि फसवणं यात फरक काय? (विटा)

छोट्या कथेत तीन, फार तर चार. 

फरक मोठा आहे. पात्रं खोटं बोलू शकतात, निवेदकानं बोलायचं नाही. 'काकू देवळातून आल्या' असं तुम्ही स्वतः लिहिलंत आणि काकू देवळात गेल्याच नव्हत्या, तर ती फसवणूक झाली. पण 'काकू आल्या तेव्हा त्यांच्या हातात देवळातला प्रसाद होता' असं लिहिलंत तर ते खरं आहे, प्रसाद वाटेत शेजारणीनं दिला असेल, काकू देवळातून आल्या हे वाचकानं स्वतःच ठरवलं. रानात चकवा लागतो तो असाच ना, वाट खोटी नसते, माणूस आपल्याच पायांनी गोल फिरतो. पहिल्यांदा लिहून झालं की नुसती निवेदनाची वाक्यं पेन्सिलनं अधोरेखित करून बघा, त्यातलं एकही शेवट कळल्यावर खोटं ठरता कामा नये.

प्रश्न : दिवाळी अंकाला रहस्यकथा कधी आणि कशी पाठवावी? (वाई)

दिवाळी अंकाची परंपरा १९०९ पासूनची, का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'पासूनची, पण प्रत्येक अंकाची रीत वेगळी, त्यामुळं गेल्या वर्षीचे अंक चाळून कुठं रहस्यकथा येतात ते आधी बघा. उन्हाळ्यात लिहून ठेवा आणि पाऊस स्थिरावला की पाठवून मोकळे व्हा. नवरात्रात पाठवलेली कथा पुढच्या वर्षासाठीच समजा.

एक मात्र माझ्या अनुभवानं सांगते. काही वर्षांपूर्वी एका अंकानं माझी कथा घेतली, आनंदानं मी सगळ्यांना सांगितलं, अंक हातात आला आणि बघते तर मधला एक परिच्छेद गायब. शेवटच्या दिवशी जाहिरात आली, जागा हवी होती, आणि जेवणाच्या पंगतीचं वर्णन म्हणून त्यांनी तो कापला. कोण डाव्या हातानं वाढत होतं ते त्या पंगतीतच होतं. कथेत शेवटी सगळा उलगडा त्या डाव्या हातावर. एका वाचकानं मला पत्र पाठवून विचारलं की हे तुम्ही आधी कुठं सांगितलंय, आणि ते बरोबर होतं, छापील कथेत कुठंच नव्हतं. त्या पत्राचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या वाचकाच्या दृष्टीनं मीच त्याला फसवलं होतं.

तेव्हापासून मी कथेसोबत वेगळा कागद जोडते, त्यावर लिहिते की अमुक पानावरची पंगत, तमुक पानावरची छत्री आणि शेवटून तिसऱ्या पानावरचं फोनवरचं बोलणं यात धागे आहेत, जागा कमी पडली तर आधी फोन करा, मी स्वतः दुसरीकडून दोनशे शब्द कमी करून देते. संपादकांना यात काही गैर वाटत नाही, उलट दोघातिघांनी फोन केलाय. तुम्हीही जोडा, आणि खाली फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहा.